गोड्या पाण्याचा थर

पन्नास वर्षं उशिरा का होईना, मी माझा पहिला सील मारला, आणि तो माझ्या डोळ्यांदेखत बुडाला.

नेम चुकला असता तर इतकं वाईट वाटलं नसतं. नेम बरोबर बसला होता. नदीच्या मुखाशी, होडीपासून साठ-सत्तर पावलांवर एक गोल काळं डोकं वर आलं. मी चाप ओढला, डोकं एका अंगाला कललं आणि पाणी लाल झालं. मी सावकाश बंदूक पुसली, नीट खाली ठेवली, मग मोटर सुरू केली. घाई कसली? मेलेला सील कुठे पळून जातोय? तिथे पोचलो तेव्हा पाण्यावर नुसता तेलकट तवंग होता. वाकून पाहिलं तर हात-दोन हात खोलीवर एक पांढुरकं पोट गोल फिरत खाली चाललं होतं. बघता बघता तेही दिसेनासं झालं. दोरी बांधलेला भाला माझ्या पायाशी जसाच्या तसा पडून होता. मी मोठ्यानं शिवी दिली. ऐकायला आसपास पाखरूही नव्हतं.

हा सील माझ्यासाठी नव्हता. आलासीसाठी होता.

आलासीनं माझी नाळ कापली. उत्तरेच्या आमच्या बर्फाळ किनाऱ्यावर जी बाई मुलाची नाळ कापते ती त्याची दुसरी आई होते. मी तिला नाळआई म्हणतो आणि ती मला ‘माझ्या हातच्या’ अशी हाक मारते, कारण मला माणूस म्हणून तिनं घडवलं असं धरतात. मुलाची पहिली शिकार अख्खी नाळआईची. आपण त्यातला घासही खायचा नाही. ती ठरवते त्याप्रमाणे गावात वाटे जातात, आणि त्या दिवसापासून मुलगा माणसांत जमा होतो. बाकीच्यांचं हे सात-आठ वर्षांच्या वयात उरकतं. माझं राहिलं. सहाव्या वर्षी मला खोकला लागला, विमान आलं आणि मला दक्षिणेला घेऊन गेलं. तीन वर्षं हॉस्पिटलात गेली. तेवढ्यात इकडे एकाच हिवाळ्यात आई आणि वडील दोघंही गेले. मग कोणीतरी कुठल्याशा कागदावर सही केली आणि मी शहरातच एका घरी वाढलो. बंदरात नोकरीला लागलो, लग्न केलं, ते मोडलं, आणि छप्पन्नाव्या वर्षी, मागच्या सप्टेंबरात, गावी परत आलो.

परत आलो म्हणजे विमानातून उतरलो, एवढंच. माझी भाषा सहाव्या वर्षी जिथे राहिली होती तिथेच होती. मोठ्यांचे शब्द मला कोणी शिकवलेच नव्हते. दुकानाच्या रांगेत मी कुत्र्याला ‘भूभू’ आणि जेवणाला ‘मम्मं’ म्हणायचो, आणि बायका हसून एकमेकींच्या अंगावर पडायच्या. वाईट नव्हत्या त्या. पण या वयात रोज उठून कोणी ‘किती गोड बोलतो’ म्हणावं हे काही बरं नाही. त्यात मला दार वाजवायची सवय. आमच्याकडे दार कोणी वाजवत नाही. सरळ आत यायचं, केटलीतला चहा ओतून घ्यायचा, बसायचं. दार वाजवतात ते पोलीस. मी कुठे टकटक केली की आतली बोलणी बंद पडायची, आणि मी आत गेल्यावरही ती काही नीट सुरू व्हायची नाहीत. माझ्याकडे तर कोणी येतच नव्हतं. हिवाळाभर मी केटली दोन माणसांच्या मापानं भरायचो आणि एकटाच संपवायचो. एकटा मी शहरातही होतो, पण तिथे तसे लाखभर होते. इथे गावात मी एकच.

एक आलासीचं घर तेवढं माझं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची म्हातारी, एका डोळ्यात मोतीबिंदू झालेला, नात मियालीबरोबर राहायची. मियाली दुकानात गल्ल्यावर बसते. या उन्हाळ्यात तिला सातवा महिना होता. मी आत पाऊल टाकलं की म्हातारी पहिलं विचारायची, "आणलास?"

"नाही, नाळआई."

"बरं. मग चहा घे."

हा आमचा खेळ झाला होता. पण वसंतात म्हातारीचं जेवण तुटलं. चहात बुडवलेला बॅनकचा, म्हणजे आमच्या जाड रोटीचा, तुकडा सोडला तर पोटात काही ठरेना. दवाखान्यातली नर्स म्हणाली, दक्षिणेला मोठ्या हॉस्पिटलात चल, तपासण्या करू. म्हातारीनं मान हलवली. "आधी माझा सील येऊ दे," ती म्हणाली. "मी तिकडे गेले आणि इकडे तो आला तर?" नर्सला वाटलं, म्हातारी बरळतेय. मला कळलं होतं ती काय म्हणाली ते. हिला दुसरं काही खायचंच नव्हतं.

म्हणून जूनच्या शेवटी बर्फ फुटल्या फुटल्या मी होडी काढली, आणि वर सांगितलं तो पराक्रम करून बसलो.

संध्याकाळी तोंड पाडून मी तिच्याकडे गेलो. ती कॉटवर उशीला टेकून बसली होती.

"मारला, नाळआई," मी म्हणालो.

"कुठाय?"

"बुडाला."

तिनं मियालीकडे पाहिलं, मियालीनं माझ्याकडे, आणि म्हातारी अशी हसली की तिला ठसका लागला. मियालीनं पाठ चोळून दिली.

"मारलास कुठे?"

"नदीच्या तोंडाशी. तिथे पुष्कळ होते."

"असणारच. तिथे मारायला कोणी जात नाही ना." तिनं डोळे पुसले. "पाणी चाखलं होतंस का आधी?"

"कसलं पाणी?"

"समुद्राचं रे, बाळा! बोट बुडवायचं, तोंडात घालायचं. खारट लागलं तर थांब. गोडसर लागलं तर मुकाट पुढं जा. आत्ता सगळी नदी आणि सगळा वितळलेला बर्फ येऊन समुद्राच्या डोक्यावर बसलाय. आणि सीलच्या अंगावर तरी काय आहे? महिनाभर बर्फावर लोळला, कातडं टाकलं, धड खाल्लं नाही. नुसता सापळा. अशानं तो तरंगेल होय? शेंबड्या पोरालाही कळतं हे."

"पुतुलिकनं ऑक्टोबरात मारले ते तरंगले होते," मी म्हणालो. पुतुलिक माझा चुलत भाऊ. मला एकदाच बरोबर घेऊन गेला होता. त्यानं दोन सील मारले, थर्मासमधला चहा ओतला, आम्ही तो संपवला आणि मग निवांत जाऊन ते उचलून आणले. शिकार म्हणजे अशी, हे मी शिकून घेतलं होतं.

"ऑक्टोबरात मीही तरंगले असते," म्हातारी म्हणाली. "तेव्हा माझ्याही हाडांवर मांस होतं."

मियाली खो खो हसली. मला हसू येईना. माझी लाज वेगळीच होती, आणि ती या दोघींना ठाऊकही नव्हती. बत्तीस वर्षं मी पोटासाठी हेच काम केलं होतं.

बंदरात जहाजाच्या पोटात माल किती भरला ते तराजूवर कसं बघणार? ते जहाज पाण्यात किती खोल बसलं त्यावरून काढतात. जहाजाच्या अंगावर आकडे रंगवलेले असतात. छोट्या बोटीतून भोवती फिरून ते वाचायचे, हे माझं काम. पण आकडे वाचून भागत नाही. आधी बादलीनं पाणी काढायचं आणि त्यात काचेची एक नळी सोडायची. तळाशी शिशाचे छर्रे असतात, अंगावर खुणा. पाणी जड असेल तर नळी वर राहते, हलकं असेल तर खाली बसते. कारण पाण्यात पडलेली वस्तू आपल्यापुरतं पाणी बाजूला सारते, आणि सारलेल्या पाण्याचं वजन तिच्याइतकं भरलं की ती तिथेच थांबते, म्हणजे तरंगते. पूर्ण आत जाऊनही तेवढं भरलं नाही तर तळ गाठते. खारं पाणी जड, त्यामुळे थोडं सारलं तरी पुरतं. गोडं हलकं, त्यामुळे जास्त सारावं लागतं. समुद्रातून नदीत शिरलेलं मोठं जहाज, माल तेवढाच असूनही, वीतभर खाली बसतं. हा वीतभर फरक किती कप्तानांना मी ऐटीत समजावून सांगितला असेल!

आणि सील म्हणजे तर अगदी काठावरचं वजन. चरबी त्याला वर ओढते, मांस आणि हाडं खाली. ऑक्टोबरात चार बोटं चरबी आणि पाणी खारं, म्हणून तो तरंगतो. जुलैच्या तोंडावर दीड बोट चरबी आणि वर गोड्या पाण्याचा थर, म्हणून बुडतो. लिटरमागे वीस ग्रॅमचा फरक, म्हणजे चार चमचे मीठ. जे मी जहाजाला विचारायचो ते समुद्राला विचारायचं मला सुचलंच नाही. बंदरातलं ज्ञान बंदरातच राहिलं होतं, जशी माझी भाषा सहाव्या वर्षात राहिली होती.

नळी मात्र माझ्याकडे होती. बंदरातल्या निरोपाच्या दिवशी मी ती मोज्यात गुंडाळून बॅगेत घातली होती. दुसऱ्या दिवसापासून मी बादली, नळी आणि वही घेऊन खाडीभर फिरायला लागलो. ओहोटीला एकदा, भरतीला एकदा. नदीच्या मुखाशी नळी गळ्यापर्यंत आत जायची, जवळजवळ पिण्याचंच पाणी. खडकाच्या टोकापाशी थोडी वर. किनाऱ्यावरून सगळं गाव बघत होतं.

पुतुलिक साठीचा आहे. मोटरी दुरुस्त करतो, हात ग्रीसनं आणि तोंड टोमण्यांनी कायम भरलेलं. तो धक्क्यावरून ओरडला, "काय रे तामुसी, समुद्राला ताप आलाय का?"

"पाणी किती जड आहे ते बघतोय!"

"उचलून बघ की मग!"

धक्क्यावरचे सगळे हसले. संध्याकाळी मी त्याच्याकडे गेलो आणि म्हणालो, "तू चल ना माझ्याबरोबर. कुठे खारं असतं ते तुला ठाऊक आहे."

"आहे ठाऊक."

"मग सांग तरी."

"पहिला सील दुसऱ्यानं दाखवलेला चालत नाही," तो म्हणाला, आणि पुन्हा मोटरीत डोकं घातलं. थोड्या वेळानं, वर न बघता, तो म्हणाला, "आणि मी दाखवला असं म्हातारीला कळलं तर ती मला फाडून खाईल."

अकराव्या दिवशी माझा सील परत आला.

उथळ पाण्यात ऊन लागून त्याचं पोट फुगलं होतं. वजन तेवढंच, पण आत वायू भरून जागा दुप्पट. आता समुद्रानं त्याला खाली ठेवायचं म्हटलं तरी ठेवता आलं नसतं. हवा होता तेव्हा बुडाला आणि कोणाच्या कामाचा उरला नाही तेव्हा भरतीवर बसून, चारी पाय ताठ करून, बरोबर गावासमोर येऊन थांबला. पाठीवर तीन पांढरे पक्षी बसले होते.

"तामुसी!" पुतुलिकनं हाक मारली. "तुझं पार्सल आलं!"

पण यावेळी धक्क्यावर कोणी फारसं हसलं नाही. पुतुलिकलाही आपलं बोलणं आवडलं नसावं, कारण तो लगेच निघून गेला. जनावर मारायचं आणि वाया घालवायचं याच्यापेक्षा वाईट आमच्याकडे काही नाही. म्हाताऱ्या बायांनी तोंडं फिरवली. मी नाकाला कपडा बांधून त्याला दोरी लावली आणि लांब, कोल्ह्यांच्या खडकापर्यंत ओढत नेलं. वाटेत मी त्या सीलची माफी मागितली. लहान मुलाची भाषा येत होती त्यात मागितली: चुकलो, परत नाही करणार.

आलासीला सांगितलं तेव्हा तीही हसली नाही.

"त्याला पाणी पाजलंस?" तिनं विचारलं.

"अकरा दिवस झाले होते मरून, नाळआई."

"तरी पाजायचं. जन्मभर खाऱ्यात राहतो बिचारा. तहान लागली म्हणून तर आपल्याकडे येतो. तोंडात घोटभर गोडं पाणी घातलं की जाऊन बाकीच्यांना सांगतो, त्या माणसाकडे जा." ती थांबली. एवढं बोलूनच ती दमली होती. हात चादरीवर पडला होता तो उचललाही नाही. "पुढच्याला पाज. आणि मारायचा तो त्यानं श्वास आत घेतला की मग. हवा असली म्हणजे थोडा वेळ मिळतो."

दारापर्यंत मियाली माझ्याबरोबर आली. "नर्स म्हणते, या आठवड्यात नेलं नाही तर मग नेऊन उपयोग नाही," ती हळूच म्हणाली. "आजी तुझ्यासाठी अडून बसलीय. तुला काही वाटतं का, काका? सारखा बादल्या भरत बसतोस."

मला फार लागलं ते. मी घरी आलो.

सकाळी सहा वाजता मी निघालो. एक जागा मोजायची राहिली होती. पाखरांच्या बेटामागे एक अरुंद खिंड आहे. भरतीचं सगळं पाणी तिथून एकदम घुसतं. भोवरे पडतात, पाणी उकळल्यासारखं वर येतं, म्हणून मी भिऊन तिकडे गेलो नव्हतो. पण मागच्या संध्याकाळी डोक्यात आलं की जिथे पाणी इतकं घुसळतं तिथे थर कसा टिकेल? खालचं खारं वर येणारच. पोचल्यावर बादली टाकली, नळी सोडली. नळीनं मान वर काढली. जवळजवळ मोकळ्या समुद्राचा आकडा. मग मी बोट बुडवून तोंडात घातलं, आणि तोंड वाकडं झालं इतकं खारट. वहीत आकडा लिहिला आणि पुढे ‘खारट’ असंही लिहिलं.

भोवऱ्याच्या कडेला होडी धरून चार तास बसलो. गुडघे आखडले, लघवीला उभं राहायची भीती वाटत होती. डोकं वर आलं तेव्हा ते इतकं जवळ होतं की मिशा दिसत होत्या. त्यानं माझ्याकडे पाहिलं. नाकपुड्या उघडल्या, छाती भरली, आणि मग मी चाप ओढला.

यावेळी बंदूक पुसली नाही. बंदूक टाकली आणि मोटर पूर्ण वेगानं सोडली. सील तरंगत होता. म्हणजे तळहाताएवढी पाठ पाण्याबाहेर होती, आणि तीही घटकेत दिसायची, घटकेत नाही. मी भाला मारला. लागला. दोरी ताणली, दोरीला बांधलेला प्लास्टिकचा रिकामा डबा पाण्यावर उडाला आणि तिथेच राहिला. खाली गेला नाही. मी दोन्ही हातांनी दोरी धरून होडीत बसलो आणि ओरडलो, "धरला! धरला! आई, धरला!" खिंडीत माझाच आवाज दोन्ही कड्यांवरून परत आला. सांगायला कोणी नसेल तर असा आनंद फार जड होतो, मी रडायलाच लागलो.

मग बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडात घातलं. घोटभर नाही, अर्धी बाटली.

खडकाच्या टोकाला वळसा घेत होतो तेव्हा विमानाचा आवाज आला. छोटं पांढरं विमान गावामागून वर चढलं, माझ्या डोक्यावरून वळलं आणि दक्षिणेला गेलं. आजाऱ्यांना न्यायला येतं ते. मी होडीतून मान वर करून ते ठिपका होईपर्यंत बघत राहिलो. दुसरं कोणी असेल, असं स्वतःला सांगितलं. तेव्हाही मला खरं काय ते माहीत होतं.

पुतुलिक किनाऱ्यावर उभा होता. त्यानं होडीत सील पाहिला आणि टोपी काढली. तोंडातून एकही टोमणा आला नाही, तिथेच मी खचलो.

"सकाळी म्हातारीला उठवत होती मियाली," तो म्हणाला. "डोळे उघडे, पण ओळख नाही. नर्सनं फोन केला."

"एक तास थांबवता आलं नाही तुम्हाला?"

"विमान कोणासाठी थांबतं, तामुसी?"

मी त्याच्यावर ओरडलो. नर्सवर, विमानावर, मियालीवर, ती किनाऱ्यावर नव्हती तरी. पुतुलिकनं सगळं ऐकून घेतलं आणि मग सीलचे मागचे पाय धरले. आम्ही दोघांनी तो माझ्या दारापाशी खडकावर ठेवला. कापायचा कोणी? तो तिचा होता. तिच्या शब्दाशिवाय त्याला सुरी लावता येत नव्हती. "थंडी आहे, उद्यापर्यंत राहील," पुतुलिक म्हणाला. ओली ताडपत्री टाकून तो गेला. मी पायरीवर बसलो. इतक्या वर्षांत मला इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं, हॉस्पिटलातल्या पहिल्या दिवशीसुद्धा. तेव्हा निदान मी घरी परत यावं असं कोणाला तरी वाटत होतं. आता मी घरी होतो, सील होता, आणि ज्या एका माणसानं माझी वाट पाहिली ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मियाली सरळ आत आली, फोन पुढे धरून. डोळे सुजलेले. "जागी झालीय," ती म्हणाली. "सलाईन लावलंय. तुलाच मागतेय."

"माझ्या हातच्या," फोनमधून आवाज आला. बारीक, लांबचा, पण तिचाच.

"नाळआई."

"तरंगला?"

"तरंगला. तळहाताएवढा."

"पाणी पाजलंस?"

"अर्धी बाटली."

"अर्धी कशाला? लाडावून ठेवशील." तिला दम लागला. आम्ही थांबलो. "बरं. कापायला घ्या. मी सांगते."

माझ्या स्वयंपाकघराच्या जमिनीवर पुठ्ठे पसरले. पुतुलिक आला, त्याची बायको आली, शेजारपाजारच्या चार बाया आल्या, कोणी केटली चढवली ते मला कळलंही नाही. फोन मोठ्या आवाजावर करून सीलच्या डोक्यापाशी ठेवला. मियाली पोट सांभाळत गुडघ्यावर बसली आणि तिनं अर्धचंद्री सुरी हातात घेतली. एकेक भाग निघत गेला आणि दीड हजार किलोमीटरवरून म्हातारी एकेक घर सांगत गेली. पुढचा पाय चर्चमागच्या विधवेला. पाठ शाळेसमोरच्या आंधळ्या म्हाताऱ्याला, त्याला दात नाहीत, बारीक करून द्या. पुतुलिकला बरगड्या.

"मला बरगड्याच का गं?" पुतुलिक म्हणाला.

"चावत बसशील. तेवढं गाव शांत राहील."

सगळे हसले. फोनमध्येही खरखर झाली, ती हसत असावी.

"काळीज राहिलं, आजी," मियाली म्हणाली.

मियालीनं ते सोडवून पुठ्ठ्यावर ठेवलं.

"काळीज माझं," म्हातारी म्हणाली.

"कसं पाठवू, नाळआई?" मी म्हणालो. "विमान शुक्रवारी आहे. तोपर्यंत..."

"पाठवतोस कुठे? मी तिथेच आहे की. मियालीच्या पोटात."

आमच्याकडे म्हातारं माणूस जायला लागलं की आपलं नाव कोणाला द्यायचं ते सांगतं, आणि नावाबरोबर माणूसही येतं. पुतुलिक आपल्या चार वर्षांच्या नातीला आई म्हणतो, कारण तिला त्याच्या आईचं नाव आहे. ती रागावली की तो ऐकतो. यात आम्हाला कोणाला गंमत वाटत नाही.

"तिला सांगितलंय मी," म्हातारी म्हणाली. "मुलगा होवो, मुलगी होवो, आलासीच. इथे ही बाई मला नळीतून काहीतरी पांढरं भरवतेय, त्याला चव नाही. तू मला तिथे दे. तुझ्या हातानं."

मियालीनं काळजाचा एक काप काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. गार, गुळगुळीत, फुलपाखराएवढा हलका. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आणि हात पुढे केला. तिनं तो घेतला, डोळे मिटले आणि सावकाश चावून खाल्ला. हनुवटीवर रक्ताचा ओघळ आला तो तिनं पुसला नाही. बाया बघत होत्या. पुतुलिक टोपी मुरगळत खाली बघत होता.

"मी खाल्लं का?" फोनमधून आवाज आला.

मियालीनं डोळे उघडले होते, आणि दुसऱ्या कापासाठी माझ्यापुढे हात धरला होता.

"खाल्लंस, नाळआई," मी म्हणालो. "आणखी मागतेयस."